निरगुडकरांची विलायती पेटी

निरगुडकरांच्या गॅलरीतल्या स्पीकरमधून त्यांच्या लग्नानंतर पहिला आवाज निघाला, तो मांजराचा.

कर्वेनगरातल्या मंदारबन सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे दत्तप्रसाद निरगुडकर हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सरळमार्गी आणि शुद्ध मराठीच्या बाबतीत फारच कडक गृहस्थ. तरुणपणी ते ‘सप्तकिरण’ नावाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. पुढे मुख्य गायक दुबईला नोकरीला गेला, ड्रमवाला सासऱ्यांच्या किराणा दुकानात बसू लागला, आणि उरलेल्या किरणांनी सामान आपसांत वाटून घेतलं. दत्तप्रसादांच्या वाट्याला त्यांची गिटार आणि तिचा आवाज बाहेर काढणारं एक काळं, कमरेइतकं उंच, जडशीळ कॅबिनेट आलं. ते इंग्लंडहून बोटीने आलेलं आहे असं ऑर्केस्ट्राच्या मालकांनी त्यांना शपथेवर सांगितलं होतं. लगेच त्यांचं लग्न ठरलं. मुक्ताई माप ओलांडून घरात आल्या तेव्हा कॅबिनेट गॅलरीत गेलेलं होतं, आणि ते परत आत आणावं असं वाटण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

दत्तप्रसाद त्याला ‘कॅबिनेट’ म्हणत, मुक्ताई ‘ते खोकं’ म्हणत. खोक्यावर त्यांनी पापड वाळवले, तुळशीची कुंडी ठेवली, पाण्याचा पंप बिघडला की बादल्या मांडल्या. पाहुणे आले की दत्तप्रसाद कुंडीकडे बोट दाखवून “हे विलायती आहे” असं सांगत, आणि पाहुणे तुळशीकडे बघत.

यंदाच्या उन्हाळ्यात एका भुऱ्या मांजरीने समोरचं कुजलेलं कापड फाडलं आणि ती खोक्यात बाळंत झाली. पिल्लांचं रडणं ऐकून मुक्ताई गॅलरीत आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चला. निदान मांजराचा तरी आवाज आला ह्यातून.”

“अगं, नीट केलं तर अजून वाजेल ते.”

“कधी? तुम्ही गिटार वाजवायचात हे मी तुमच्या आईंकडून ऐकलं, तुमच्या मित्रांकडून ऐकलं, तुमच्याकडून तर रोज ऐकते. गिटार मात्र ऐकली नाही.” मुक्ताई वाद घालत नसत, निकाल देत. “ह्या गणपतीत मला वाजवून दाखवा. नाहीतर अनंत चतुर्दशीला देवाबरोबर ह्याचंही विसर्जन. भंगारवाल्याच्या हातगाडीत.”

दत्तप्रसादांना हे फार लागलं. नवऱ्याचं एखादं कर्तृत्व बायकोने पाहिलेलंच नसेल, तर ते घडलं होतं की नाही याचीच त्याला शंका येऊ लागते. मांजरीने पिल्लं उचलून वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं, आणि दत्तप्रसादांनी कॅबिनेटच्या जीर्णोद्धाराला हात घातला.

पहिली चूक त्यांनी त्याच संध्याकाळी केली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माहीतगाराची चौकशी करायची होती. सरळ ‘स्पीकर कॅबिनेट’ लिहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मराठी माणसाने मराठी शब्द वापरावेत यावरून त्यांनी आदल्याच महिन्यात त्या गटावर रण माजवलं होतं, ‘पार्किंग’ला ‘वाहनतळ’ म्हणा म्हणून तिघांशी भांडण ओढवून घेतलं होतं. आता माघार कशी घ्यायची? त्यांनी विचारपूर्वक लिहिलं: ‘माझ्याकडील जुन्या पेटीस नवे आवरण घालावयाचे आहे. आवाजही पूर्ववत करावयाचा आहे. जाणकारांनी कृपया कळवावे.’

मराठीत पेटी म्हणजे खोका, हे बरोबरच आहे. पण आवाज असलेली पेटी म्हणजे मराठी माणसाच्या लेखी एकच, ती म्हणजे हार्मोनियम. हे कोशात बघायची गरज नसते. दत्तप्रसादांनी कोशात बघून लिहिलं होतं, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गोदाबाई उभ्या. गोदाबाई म्हणजे सोसायटीच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षा, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, आवाज पंचविशीतला. मंडळाची पेटी वाजवणाऱ्या बाई मुलीच्या बाळंतपणाला कॅनडात गेल्या होत्या आणि तिथेच रमल्या होत्या.

“अहो दत्तप्रसाद, तुम्ही पेटी वाजवता?” गोदाबाई आत येत म्हणाल्या. “इतकी वर्षं जिन्यात भेटता, पाण्याच्या टाकीवर बोलता, आणि हे सांगितलं नाहीत?”

आता खरं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं की मावशी, तुमचा गैरसमज झालाय. पण स्वयंपाकघराच्या दारात मुक्ताई हात पुसत उभ्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासमोर दत्तप्रसादांना वादक म्हणत होतं. ते म्हणाले, “वाजवायचो एके काळी. ह्या पेटीवर हजार-हजार माणसं डोलवलेली आहेत.”

हे वाक्य शब्दशः खरं होतं. सत्य बोलूनही माणूस किती खोल खड्ड्यात जाऊ शकतो, याचं हे एक चांगलं उदाहरण आहे.

संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर गणेशोत्सवाचे कार्यक्रम लागले. गौरी जेवणाच्या दिवशी भजन, आणि त्याखाली ‘पेटीवादन : श्री. दत्तप्रसाद निरगुडकर’. सोसायटीचे अध्यक्ष हिंमतराव फळ्यापाशीच उभे होते. हिंमतराव अकोल्याकडचे, कारखान्यात नोकरी करून पुण्यात स्थायिक झालेले. पुण्याने त्यांचा पगार वाढवला, बोली मात्र तशीच ठेवली.

“काहून बावा,” ते दत्तप्रसादांचा हात धरून म्हणाले, “येवढा गुणी माणूस अन् गुपचूप बसून राह्यला?”

मुक्ताईंनी फळा वाचला. नवऱ्याकडे पाहिलं. “पेटी?” त्यांनी विचारलं.

“तीच ती. विलायती.”

“असं होय,” मुक्ताई म्हणाल्या आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या. त्यांच्या पाठीवरून त्या हसत असाव्यात असं वाटत होतं. पण पाठीवरून नक्की काही सांगता येत नाही.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरून निरोप आला की पेटीत लवंगा ठेवा, झुरळं भाता खात नाहीत. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मिरजेला जाऊन सूर मिळवून आणायला सांगितलं आणि तिथल्या कारागिराला फोनही लावून दिला. त्या कारागिराने ‘सिंगल रीड की डबल’ असं विचारल्यावर दत्तप्रसादांनी ‘बारा इंची’ असं उत्तर दिलं, आणि पलीकडून फोन ठेवण्यात आला.

शेवटी त्यांनी रिक्षा करून कॅबिनेट बुधवार पेठेत नेलं. रिक्षाच्या मागच्या सीटवर कॅबिनेट बसलं आणि दत्तप्रसाद ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर बसले. दुकान स्पीकरवाल्यांच्या बोळात होतं. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सारून फाटक्या कापडातून आत डोकावलं.

“कोन गेलाय,” ते म्हणाले.

दत्तप्रसादांना राहवलं नाही. बुधवार पेठेसारख्या ठिकाणी, भर पुण्यात, ‘ण’ची ही अवस्था? “कोण गेलाय म्हणा,” ते सौम्यपणे म्हणाले. “बाणातला ण.”

गृहस्थांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. “कोण नाही साहेब. कोन. स्पीकरचा कागदी कोन. भूमितीत असतो तो. मांजराने नखं लावलीत त्याला.” त्यांनी स्क्रू काढायला घेतले. “शिकवणी घेता का कुठे?”

मागची फळी निघाली. गृहस्थांनी आत डोकं घातलं. मग मोठ्याने वाचू लागले, “‘देवगड हापूस. सांभाळून उतरवा.’”

“काय?”

“ह्या आतल्या पट्ट्या आंब्याच्या पेटीच्या आहेत. ही बघा अक्षरं. विलायतेत देवगड नेमकं कुठे येतं?”

दत्तप्रसादांनी वाकून पाहिलं. अक्षरं स्वच्छ होती, शुद्धलेखनही बिनचूक होतं. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सगळंच खोटं सांगितलं नसावं. कॅबिनेटचं लाकूड बोटीने आलं असेल, फक्त बोट कोकणातून निघालेली होती. अख्ख्या संसारात ज्या एका वस्तूच्या जिवावर त्यांनी पाहुण्यांसमोर मान ताठ ठेवली, ती कुणीतरी ह्याच बोळात फळ्या ठोकून केलेली होती.

“टाकून देता?” गृहस्थांनी विचारलं.

“नाही,” दत्तप्रसाद म्हणाले, आणि आपण इतक्या जोरात का बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. “वाजलं पाहिजे. गणपतीच्या आत.”

“वाजेल. आंब्याच्या पेटीने कुणाचं वाईट केलंय?” गृहस्थांनी नवा कोन बसवला, वायरी बदलल्या, मागून एक वायर बाहेर काढून तिला छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला आणि जाताना सांगितलं, “आवरण मात्र चांगलं घाला. आतलं कुणी वाचायला नको.”

हा सल्ला दत्तप्रसादांना मनापासून पटला. घरी त्यांनी देवगडचा विषय काढला नाही. ‘पेटी’ हा शब्द मात्र आता दोनदा खरा ठरत होता, एकदा खोका म्हणून आणि एकदा आंब्याची म्हणून, आणि हे कुणालाही सांगता येत नव्हतं.

आवरणासाठी त्यांना नाव मिळालं अल्लाबक्ष यांचं. ‘एक पेटी घेऊन येतो’ असं फोनवर कळवून ते कॅबिनेट घेऊन गेले. स्वारगेटच्या पुढे त्यांचं रिक्षाचे हूड आणि सीटा शिवायचं दुकान होतं, आणि त्यांची बायको सलीमा तिथेच मशिनवर बसे. अल्लाबक्षभाईंचा आत्मविश्वास दुकानापेक्षा मोठा होता. त्यांनी कॅबिनेटभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

“हिला गवसणी घालायची आहे,” दत्तप्रसाद म्हणाले.

“काय घालायचंय?”

“गवसणी. म्हणजे आवरण.”

“रेक्झिन म्हणा की साहेब. कळलं. काळं नाही घालायचं. काळं म्हणजे अंत्ययात्रा. मरून देतो. आत फोम टाकतो, वर बटणं मारतो. बसल्यावर मऊ लागेल.”

“बसायचं नाही हो त्यावर!”

“आज नाही. पण पाहुणे आले तर?”

फोम आणि बटणं दत्तप्रसादांनी निकराने परतवली, पण मरून रंगापुढे ते हरले. वरच्या बाजूचं हँडल कधीच कुजून गेलं होतं आणि तिथे लांबट भोक उरलं होतं. तिथे नवं हँडल बसवा, असं त्यांनी सांगितलं.

“हँडल तुटतं साहेब,” अल्लाबक्ष म्हणाले. “खाच तुटत नाही. ह्या भोकाला पितळी पट्टी मारतो. उचलायची वेळ आली की सरळ हात घालायचा.”

ठरल्या दिवशी दत्तप्रसाद गेले तेव्हा कॅबिनेट तयार होतं. सहाही बाजूंनी. मरून रेक्झिन असं ताणून चढवलं होतं की सुरकुती दिसेल तर शपथ. आठही कोपऱ्यांना पितळी टोप्या होत्या. मागचे स्क्रू रेक्झिनखाली गडप झाले होते. आणि पुढचं तोंडही.

“अहो, हे पुढून बंद केलंत!”

“उघडं कशाला ठेवायचं? धूळ जाते. मांजर जाते.”

“आवाज कुठून येणार?”

अल्लाबक्षभाईंनी बंद तोंडावर बोटं वाजवून पाहिली. मशिनवरून सलीमाने मान वर केली. “मी तेच म्हणत होते,” ती म्हणाली. “पण ह्यांना वाटलं कपडे ठेवायची पेटी आहे. तुम्ही फोनवर पेटीच म्हणाला होता ना?”

वाहनतळ, गवसणी, पेटी. मराठी भाषेने आपल्यावर असा सूड का उगवावा, दत्तप्रसादांना कळेना.

पुढचं रेक्झिन कापून तिथे जाळी लावायची ठरली. स्पीकरचं कापड अल्लाबक्षभाईंकडे नव्हतं, पण एका रिक्षावाल्याने पडद्यासाठी आणून नंतर बायकोच्या धाकाने नाकारलेलं सोनेरी जाळीचं कापड होतं. ते चढलं. मरून अंग, सोनेरी छाती, पितळी कोपरे आणि डोक्यावर पितळी काठाची खाच. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात, इथे मात्र करायला गेले गिटारचं कॅबिनेट आणि झालं काहीतरी गणपतीच्याच जवळपासचं. अल्लाबक्ष आणि सलीमा आपल्या कामाकडे इतक्या कौतुकाने बघत होते की दत्तप्रसादांनी त्यांना भजनाचं आमंत्रण देऊन टाकलं.

शिवाय एक राहिलंच होतं. मांडवात ध्वनिक्षेपक वाजवायचा तर पोलिसांची परवानगी हवी, असं हिंमतरावांना कुणीतरी सांगितलं, आणि हिंमतरावांनी दत्तप्रसादांना चौकीवर धाडलं. तिथल्या हवालदारांनी पेन उघडलं.

“कार्यक्रम?”

“भजन.”

“वाद्यं?”

“पेटी.”

हवालदारांनी पेन बंद केलं. “पेटीला परवानगी लागत नाही.”

“पण ही पेटी म्हणजे स्पीकर आहे.”

“मग स्पीकर सांगा की.” पेन उघडलं.

“पण फळ्यावर पेटी लिहिलंय. उद्या कुणी तपासलं तर अर्जात एक आणि फळ्यावर एक असं नको.”

“मग पेटी लिहू?”

“पेटी लिहिलंत तर परवानगी लागणार नाही.”

हवालदारांनी पेन टेबलावर आपटलं. त्यांच्या नोकरीत त्यांनी चोर पाहिले होते, खिसेकापू पाहिले होते. “काका,” ते शेवटी म्हणाले, “आवाज किती असतो त्या पेटीचा?”

“मांजरापेक्षा जास्त अजून निघालेला नाही.”

“मग घरी जा आणि देवाचं नाव घ्या,” हवालदार म्हणाले आणि पेन खिशात ठेवलं.

गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी सोसायटीच्या दोन मुलग्यांनी कॅबिनेट खाली आणलं आणि मांडवात गणपतीच्या उजव्या हाताला मांडलं. खाचेत हात घालून ते खरंच छान उचललं गेलं. दत्तप्रसाद वर गेले आणि दिवसभर दार लावून बोटांना सराव देत बसले. इतक्या वर्षांनी तारांनी बोटांची टोकं सोलून काढली होती. दर थोड्या वेळाने ते गोदाबाईंना खरं सांगायला उठत, दारापर्यंत जात आणि परत बसत. आतून पुरणाचा वास येत होता. मुक्ताई एकदा आरतीला म्हणून खाली जाऊन आल्या, बाकी आपल्या कामात होत्या. त्यांनी सरावाचं एक अक्षर विचारलं नाही.

संध्याकाळी मांडव भरला. सतरंजीवर भजनी मंडळ टाळ घेऊन बसलं होतं. मागे अल्लाबक्ष आणि सलीमा इस्त्रीचे कपडे घालून बसले होते, आणि अल्लाबक्ष शेजारच्यांना कोपरे दाखवत होते. दत्तप्रसाद गिटार घेऊन जिना उतरले तेव्हा गोदाबाईंनी आधी गिटारीकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे कुणी पेटी आणतंय का ते पाहिलं.

“पेटी कुठेय?”

दत्तप्रसादांनी मरून कॅबिनेटकडे बोट दाखवलं. “हीच. मावशी, मी पेटी वाजवतो असं म्हटलं नव्हतं. पेटीवर वाजवायचो, असं म्हटलं होतं.”

हिंमतराव पहिल्या रांगेत उभे राहिले आणि परत बसले. गोदाबाईंनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. आयुष्यभर भजन केलेल्या बाईला प्रसंग टळत नसतो हे माहीत असतं.

“आता बसलात तर द्या सूर,” त्या म्हणाल्या. “काळी दोन.”

काळी दोन ही हार्मोनियमवरची पट्टी. गिटारवर काळं काही नसतं. दत्तप्रसादांनी मनातल्या मनात एक मोठं गणित केलं, डोळे मिटले आणि तार छेडली.

सूर निघाला. गोल, भरदार, थोडासा जाडसर, देवगडच्या लाकडातून आलेला सूर. आणि त्याच्यापाठोपाठ कॅबिनेटच्या पोटातून स्पष्ट ऐकू आलं: छन्न.

“टाळ इतक्यात नको,” गोदाबाई मंडळाकडे वळून म्हणाल्या.

टाळ कुणीच वाजवले नव्हते. दत्तप्रसादांनी दुसरी तार छेडली. छन्न. तिसरी, जाड तार छेडली तर चांगला छनछनाट होऊन काहीतरी आत गडगडत गेलं. नवा कोन फाटला, वायर सुटली, मांजर परत आली, असे सगळे विचार एकदम त्यांच्या डोक्यात आले. पण गोदाबाईंनी अभंग उचलला होता, आणि उचललेला अभंग खाली ठेवता येत नाही. ते वाजवत राहिले.

पहिलं कडवं होईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की जाड तारेवर छन्न होतं, बारीक तारेवर होत नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांनी ठेक्यावर जाड तार मारायला सुरुवात केली. छन्न, छन्न. मंडळाच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या आणि टाळ त्यात मिसळले. तिसऱ्या कडव्याला मांडव डोलू लागला. “काय टेक्निक हाय जी!” हिंमतराव ओरडले. अल्लाबक्ष उभे राहून म्हणाले, “रेक्झिन माझं आहे.” दत्तप्रसादांना बोटांची आग कळत नव्हती. ते आनंदात होते, साध्या, लाज नसलेल्या आनंदात, तरुणपणी स्टेजवर होते तसे. त्यांनी मुक्ताईंना शोधलं. त्या खांबापाशी प्रसादाचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्रसाद वाटायचा तसाच राहिला होता.

आरती झाल्यावर शेफाली पुढे आली. शेफाली आयटीतली, सोसायटीची खजिनदार, हिशेबात पक्की. “काका, सुपर्ब,” ती म्हणाली. “पण पेटी ओपन करायला लागेल. दिवसभर लोकांनी त्यात पैसे टाकलेत. टेक्निकली ते सोसायटीचं कलेक्शन आहे.”

“कशात पैसे टाकलेत?”

शेफालीने खाचेकडे बोट दाखवलं. गणपतीच्या उजव्या हाताला मरून रंगाची, सोनेरी जाळीची, पितळी कोपऱ्यांची पेटी, आणि तिच्या डोक्यावर पितळी काठाची, नोट सहज जाईल अशी खाच. आरतीला आलेल्या कोणत्या मराठी माणसाने तिला दानपेटी समजायचं नाही? सकाळपासून जो आला, त्याने नमस्कार करून काहीतरी आत सोडलं होतं.

“उघडायचं म्हणजे मागचं रेक्झिन कापायचं,” दत्तप्रसाद हळूच म्हणाले. शिवाय देवगडही बाहेर येणार होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

“माझं काम कापायचं नाही,” अल्लाबक्षभाईंनी मागून बजावलं. “खिळे आतून वळवलेत. कापलं तर परत तसं होणार नाही.”

“पैसा देवाचा,” गोदाबाई म्हणाल्या.

“अन् देवाचा पैसा ज्या पेटीत पडला, ते पेटी देवाची,” हिंमतरावांनी निकाल दिला. “काहून कापता बावा? राहू द्या इथंच. बारा महिने आपल्या हापिसात ठेवू, गणपतीत बाहेर काढू. निरगुडकरांनी येऊन वाजवाची.”

टाळ्या पडल्या. अशा रीतीने दत्तप्रसादांची एकुलती एक विलायती वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत सोसायटीची झाली. भंगारवाल्यापासून ती कायमची सुटली, आणि त्यांच्यापासूनही. आभार मानावेत की हरकत घ्यावी, हे त्यांना ठरवता आलं नाही. त्यांनी फक्त तिच्या मरून डोक्यावरून एकदा हात फिरवला.

मांडव रिकामा झाल्यावर मुक्ताई ताटं गोळा करत होत्या. दत्तप्रसाद गिटार मांडीवर घेऊन कॅबिनेटला टेकून बसले होते.

“एवढ्या सगळ्या लोकांना एकदम दानपेटी कशी वाटली?” ते वैतागून म्हणाले. “कुणीतरी पहिला मूर्खपणा केला असणार. एकाने टाकला की मग रांग लागते.”

“मी टाकला पहिला,” मुक्ताई म्हणाल्या.

“तू? अगं, तुला तरी माहीत होतं ना, ती दानपेटी नाही!”

“माहीत होतं.” त्यांनी ताटं एकात एक घातली. “सकाळी आरतीला आले तेव्हा ते खोकं देवाशेजारी बघितलं. म्हटलं, इतकी वर्षं झाली, आज तरी वाजू दे रे बाबा. आणि तुमचं हसं होऊ देऊ नकोस. देवापुढे मागायचं तर हातात काहीतरी हवं. दोन रुपये होते. मागच्या बाईने बघितलं, तिनेही टाकले.”

कॅबिनेटने गॅलरीत काढलेल्या सगळ्या वर्षांचं दत्तप्रसादांना एकदम वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. मग शेवटी त्यांनी जे विचारायला ते खाली बसून राहिले होते ते विचारलं.

“कसं झालं?”

मुक्ताईंनी ताटं उचलली.

“नाणी छान वाजली,” त्या म्हणाल्या. “गिटार उद्या नीट ऐकते. आज डोळ्यांतून पाणी येत होतं, लक्ष लागलं नाही.”

आणि त्या ताटं घेऊन वर गेल्या.